त्याग एकाचा, भार कोणाचा?

मनुष्य आपल्याजवळच्या वस्तूंत दोन प्रकारचे फेरफार करीत असतो. एक भर घालण्याचा आणि दुसरा उणे करण्याचा. भर घालणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. त्याला हौस आहे, पैसा आहे, मिरवण्याची आवड आहे, असे म्हटले जाते. उणे करणाऱ्याला मात्र ही शंका सहसा चिकटत नाही. ज्याने काही सोडले, टाकले, कमी केले, तो साधेपणाच्या वाटेवर आहे असे आपण गृहीत धरून चालतो. आपल्या परंपरेत त्याग या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे, तिचा थोडासा अंश प्रत्येक वजाबाकीला आपोआप लाभत असतो. परंतु कमी करणे आणि त्याग करणे या दोन गोष्टी खरोखर एकच आहेत काय? या प्रश्नाचा विचार ग्रंथांतील दृष्टांतांवरूनही करता येईल. तथापि आजच्या तरुणांच्या आवडीचे, रस्त्यावर प्रत्यक्ष दिसणारे एक उदाहरण घेतल्यास तो अधिक स्पष्ट होतो. ते उदाहरण म्हणजे जुन्या मोटारसायकलीची ‘बॉबर’ बनविणे हे होय.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. जुनी गाडी घ्यावयाची. तिचे पुढचे मडगार्ड काढून टाकावयाचे आणि मागचे कापून आखूड करावयाचे. दोघांनी बसावयाची लांब सीट काढून तिच्या जागी एकट्यापुरती, खोगिराच्या आकाराची, स्प्रिंगांवर तोललेली सीट बसवावयाची. कॅरियर, साडीगार्ड, बाजूच्या पेट्या, चकाकणाऱ्या पट्ट्या, सारे उतरवावयाचे. टायर जाड घालावयाचे. कित्येकदा सायलेन्सरही आखूड किंवा आतून पोकळ करावयाचा. एवढे झाल्यावर जे उरते ते एक ठेंगणे, रुंद आणि उघडे यंत्र असते. त्याला एक प्रकारचे सौंदर्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अनावश्यक ते गेले आणि मुख्य ते उरले, असा भास पाहणाऱ्यास होतो. हा भास कितपत खरा आहे, याचीच परीक्षा येथे करावयाची आहे.

शब्दाचे मूळ

‘बॉब’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कापून आखूड करणे असा आहे. १९२०च्या दशकात पाश्चात्त्य स्त्रियांनी केस मानेपर्यंत कापण्याची जी पद्धत सुरू केली तिलाही हेच नाव मिळाले. परंतु त्याच्याही पूर्वीपासून हा शब्द घोड्याच्या शेपटीस लावला जात असे. शेपूट छाटलेल्या घोड्यास तिकडे ‘बॉबटेल’ म्हणत. मराठीत अशा जनावराला बांडा म्हणतात, आणि ज्याला शिंगे नाहीत किंवा अंगावर अलंकार नाही त्याला भुंडा म्हणतात. मराठीतील या दोन्ही शब्दांत उणेपणाची खंत आहे. इंग्रजी शब्दात मात्र ती जाऊन ऐट आली. एकच कृती एका भाषेत वैगुण्य ठरते आणि दुसरीत शोभा, ही गोष्ट भाषांतर करणाऱ्यालाच नव्हे तर विचार करणाऱ्यालाही थांबवणारी आहे.

घोड्याच्या शेपटीचा हा इतिहास प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. गाडीस जुंपलेल्या घोड्याचे लांब शेपूट लगामात अडकते, म्हणून ते छाटावे, असे प्रथम कारण दिले जाई. पुढे कारण मागे पडले आणि फॅशन उरली. आखूड शेपटीचा घोडा रुबाबदार दिसतो, एवढ्यासाठी शेपट्या छाटल्या जाऊ लागल्या. मालकाच्या दृष्टीने शेपूट हा जास्तीचा भाग होता. घोड्याच्या दृष्टीने मात्र माश्या हाकलण्याचे ते मुख्य साधन होते. उन्हाळ्यात माश्यांनी बेजार झालेला घोडा तक्रार करू शकत नव्हता. आणि ज्याने शेपूट छाटले त्याच्या अंगावर माश्या बसत नव्हत्या. शेवटी ब्रिटनमध्ये १९४९ साली कायदा करून ही चाल बंद करावी लागली. काय जास्तीचे आहे हे ठरविणारा एक आणि त्या निर्णयाचे फळ भोगणारा दुसरा, असे जेथे घडते तेथे छाटणी निर्दोष राहत नाही, हे या इतिहासावरून दिसून येते.

मैदानावरून रस्त्यावर

मोटारसायकलीच्या बॉबरचा जन्म मात्र अशा अन्यायातून झालेला नाही. तो अमेरिकेतील शर्यतींच्या मैदानावर झाला. १९३३-३४च्या सुमारास अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने ‘क्लास सी’ या नावाने शर्यतींचा एक वर्ग सुरू केला. त्यात खास बनविलेल्या यंत्रांऐवजी सर्वसामान्यांना विकत मिळणाऱ्या गाड्याच धावावयाच्या, असा नियम होता. अनेक स्पर्धक त्याच गाडीवर बसून मैदानापर्यंत येत आणि त्याच गाडीवर शर्यत खेळत. साहजिकच गाडी हलकी करण्यासाठी पुढचे मडगार्ड काढणे आणि मागचे छाटणे सुरू झाले. मडगार्ड गेल्यामुळे स्वाराच्या तोंडावर आणि पाठीवर चिखल उडे, तो त्याने सोसला. मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरही माती उडे हे खरे. परंतु तोही त्याच अटी मान्य करून मैदानात उतरलेला असे, आणि त्याच्याही चाकावर मडगार्ड नसे. येथे वजाबाकीला निश्चित प्रयोजन होते आणि तिची किंमत देणाऱ्यांची तिला संमती होती.

दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने सैन्यासाठी सुमारे ९०,००० मोटारसायकली बनविल्या. १९४५ नंतर घरी परतलेल्या कित्येक तरुणांनी शिल्लक राहिलेल्या अशा गाड्या स्वस्तात घेतल्या आणि त्यांवरील सैनिकी सामान उतरवून त्यांना बॉबरचे रूप दिले. येथपर्यंत ही गरिबांची आणि हातांनी काम करणाऱ्यांची कला होती. १९६०च्या दशकात तिच्यातूनच ‘चॉपर’ हा प्रकार पुढे आला. त्यात गाडीची चौकटही कापून पुढचे फोर्क लांबलचक करू लागले, आणि १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. बॉबरमध्ये मात्र चौकटीला सहसा हात लावीत नसत. त्यानंतर कारखानदारांचे लक्ष इकडे वळले. इंग्लंडच्या ट्रायंफ कंपनीने २०१६ साली एका सीटची बॉबर कारखान्यातूनच तयार करून जगापुढे ठेवली. भारतात २०१९ साली जावा कंपनीची ‘पेराक’ आली आणि २०२४ साली रॉयल एन्फील्डने गोव्याच्या नावाची ‘गोअन क्लासिक ३५०’ बाजारात आणली. पूर्वी जे सामान उतरवून गाडी स्वस्त आणि हलकी होत असे, ते मुळातच न बसविलेली गाडी घेण्यासाठी आता लोक लाखो रुपये मोजू लागले. साधेपणा हीच एक विकाऊ वस्तू झाली.

तीच गाडी की दुसरी?

जुन्या गाडीचे इतके भाग गेल्यावर आणि नवे आल्यावर ती तीच गाडी राहिली काय, हा प्रश्न येथे सहजच उद्भवतो. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंद यास विचारतो की, आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे नेमके काय? दांडी, आस, चाके, चौकट यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे, आणि त्यांहून निराळा असा रथही सापडत नाही. तेव्हा भागांच्या जुळणीस व्यवहारापुरते दिलेले ते नाव होय, असा निष्कर्ष तेथे निघतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते धाग्यांहून वस्त्र निराळे आहे, अवयवांहून अवयवी निराळा आहे. परंतु याच मताचा परिणाम असा होतो की, वस्त्राचा तुकडा कापला असता मूळचे वस्त्र नाश पावते आणि ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. ‘हे तेच वस्त्र’ अशी जी ओळख आपल्याला पटते ती सादृश्यामुळे होय, असे ते म्हणतात. या न्यायाने पाहिले तर मडगार्ड छाटल्याच्या क्षणीच वडिलांची मोटारसायकल संपली आणि मुलाची सुरू झाली.

सरकारचे उत्तर याहून सोपे आहे. चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळला की गाडी तीच. मात्र ते तेथेच थांबत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ घडणीशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ती नवी करून घेताना गाडी तपासणीस न्यावी लागते. त्यामुळे जुन्या गाडीची बॉबर करणाऱ्यास हा विचार टाळता येत नाही.

परंतु केवळ दंडाच्या भयाने एखादी गोष्ट न करणे हा विवेक नव्हे. कायदा हे का सांगतो, हे समजले पाहिजे. आणि ते समजण्यासाठी ‘गाडी तीच आहे काय’ या प्रश्नापेक्षा ‘गाडीचा कोणता भाग कोणासाठी आहे’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

कोणता भाग कोणासाठी?

यज्ञातील असंख्य लहानमोठ्या क्रियांची संगती लावताना मीमांसकांनी एक मार्मिक विचार केला आहे. ज्याच्यासाठी इतर सारे करावयाचे तो ‘शेषी’, आणि जे दुसऱ्यासाठी असते ते ‘शेष’. शेषाचे लक्षण जैमिनींनी परार्थत्व हेच सांगितले. एखादे अंग लहान दिसते, ते स्वतः फळ देत नाही, म्हणून ते गाळावे असे मीमांसक म्हणत नाही. ते कशासाठी आहे, ते गाळल्याने कोणाचे काय बिघडते, हे तो प्रथम विचारतो. हाच न्याय मोटारसायकलीच्या अंगांना लावून पाहण्यासारखा आहे.

गाडीची काही अंगे केवळ शोभेसाठी असतात. चकाकणाऱ्या पट्ट्या, बिल्ले, नक्षी ही त्यांपैकी होत. ती काढली असता कोणाचेही नुकसान नाही. काही अंगे स्वाराच्या सुखासाठी असतात. जाड मऊ सीट आणि उंच हँडल ही त्यांपैकी होत. ती सोडणारा स्वतः धक्के सोसतो, पाठ दुखवून घेतो. त्याचा तो अधिकार आहे. मात्र त्याच्या पाठीवर ज्यांचे पोट अवलंबून आहे त्यांचाही विचार त्याने करावा, इतकेच सुचवता येईल. काही अंगे गतीसाठी आणि तिच्या नियमनासाठी असतात. इंजिन, चौकट, ब्रेक यांना अकारण हात लावणारा गाडीचा घातच करतो. आणि काही अंगे अशी असतात की ती ना शोभेसाठी, ना स्वारासाठी, ना गतीसाठी. ती सर्वस्वी इतरांसाठी असतात.

या चौथ्या वर्गाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा टायरचा सर्वांत वरचा बिंदू रस्त्याच्या मानाने ताशी १२० किलोमीटर वेगाने पुढे जात असतो. त्या फिरत्या टायरला चिकटलेले पाणी, चिखल आणि बारीक खडी सुटून उडते. मागचे मडगार्ड ही फेक अडवून धरते आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराचे तोंड, पादचाऱ्याचे कपडे वाचविते. सायलेन्सर इंजिनाचा आवाज कमी करतो, तो रस्त्याकडेच्या घरातील आजाऱ्यासाठी, झोपलेल्या मुलासाठी, अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्यासाठी. आरसे आणि वळण दाखविणारे दिवे बरोबरच्या वाहनांसाठी असतात. आणि मागे बसणाऱ्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १२३व्या नियमाने तीन गोष्टी आवश्यक केल्या आहेत. धरण्यासाठी मूठ, पाय ठेवण्यासाठी आधार, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे असे आवरण, की ज्यामुळे मागे बसलेल्याचे वस्त्र चाकात अडकणार नाही. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात सापडून स्त्रिया दगावल्याच्या घटना ज्या देशात घडतात, त्या देशाने केलेला हा नियम आहे.

आता बॉबर करताना गाडीवरून काय काय उतरते याची यादी पुन्हा एकदा पाहावी. मागचे मडगार्ड, सायलेन्सरच्या आतील जाळी, साडीगार्ड, मागची सीट, मूठ, पाय ठेवण्याचा आधार, कित्येकदा आरसे आणि दिवे. शोभेच्या पट्ट्या सोडल्यास ही जवळजवळ सर्व अंगे चौथ्या वर्गातील आहेत. हा केवळ योगायोग नाही. स्वार आपल्या सीटवर बसून पाहतो तेव्हा त्याला जे निरुपयोगी वाटते ते बहुधा दुसऱ्याच्याच उपयोगाचे असते. आपल्या चाकामागून चालण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी येत नाही. आपला आवाज मागे टाकून तो पुढे निघून जातो. मडगार्डाची गरज ज्याला कळते तो मागे असतो, आणि ते छाटण्याचा निर्णय पुढे बसलेला घेतो. घोड्याच्या शेपटीची कथाच येथे निराळ्या रूपाने घडते.

शंका आणि समाधान

यावर बॉबर करणाऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते नीट ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल की, ही गाडी भंगारात जाणार होती. दहा-बारा वर्षे ती गोठ्यात धूळ खात पडली होती. तिचे इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून, महिनोन्महिने हात काळे करून तिला पुन्हा चालते केले, हे पुण्य नव्हे काय? निःसंशय हे चांगले काम आहे. टाकून देण्याच्या युगात जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे, आपल्या हातांनी यंत्राचे मर्म जाणून घेणे, यात जे शिक्षण आहे ते दुकानातून नवी गाडी आणण्यात नाही. परंतु गाडी वाचविणे आणि तिचे मडगार्ड छाटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीच्या पुण्याने दुसरीचा दोष झाकला जात नाही.

दुसरी शंका अशी की, मागे बसणारे कोणी नसेल तर मागची सीट कशासाठी? ही शंका योग्य आहे. जो खरोखर एकटाच प्रवास करतो त्याने एकट्याची सीट लावली तर ते त्याच्या जीवनास अनुरूपच होय. तेथे साडीगार्डाचेही प्रयोजन मोठ्या प्रमाणात संपते. नियमाच्या चौकटीत राहून आणि नोंदणीत तशी दुरुस्ती करून हे केले तर त्यात नैतिक आक्षेपाला जागा नाही. मडगार्ड आणि सायलेन्सर मात्र याने मोकळे होत नाहीत. मागच्या सीटवर कोणी नसले तरी मागच्या रस्त्यावर कोणीतरी असतेच.

तिसरी शंका सर्वांत प्रबळ आहे. गाडी माझी आहे, पैसा माझा आहे, मग माझ्या वस्तूचे मी काय करावे हे दुसऱ्याने का सांगावे? या शंकेचे उत्तर एका कल्पित उदाहरणाने देणे सोयीचे होईल. समजा, इंदूरच्या एका मराठी घरात १९८४ साली घेतलेली एक बुलेट आहे. घरच्या कर्त्या पुरुषाने तिच्यावरून वीस वर्षे आपल्या पत्नीला गावाबाहेरच्या शाळेत पोचविले. ती तेथे शिक्षिका होती. आता तो पुरुष हयात नाही. गाडी अंगणात उभी आहे, आणि मुलाला तिची बॉबर करावयाची आहे. मुलाच्या मनात वडिलांविषयी आदर आहे. त्यांची गाडी विकण्याऐवजी तो तिला नवे रूप देऊ पाहतो. आई काही बोलत नाही. गाडीचे काम जाणणारा वृद्ध मिस्त्री घरी येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, ‘मागे कोण बसते?’ मुलगा म्हणतो, ‘आता कोणी नाही.’ हे उत्तर खोटे नाही. परंतु आठवड्यातून एकदा आईला दवाखान्यात न्यावे लागते आणि त्यासाठी ती रिक्षा शोधते, हेही खोटे नाही.

या उदाहरणात ‘माझी गाडी’ या शब्दांचा अर्थ तपासून पाहावा. कायद्याने पाहिले तर वडिलांच्या मागे त्या गाडीवर आईचाही वारसा आहे. परंतु तेवढेच नव्हे. ती मागची सीट वीस वर्षे ज्या व्यक्तीसाठी होती ती व्यक्ती घरातच आहे. ती मागत नाही, म्हणून तिची गरज नाही असे ठरत नाही. घरातील वडीलधारी माणसे मुलांच्या हौसेआड येऊ नये म्हणून कितीतरी गोष्टी बोलत नाहीत. त्यांच्या मौनाला संमती मानणे सोपे असते. वस्तूवर स्वामित्व एकाचे असते, पण तिच्यावर आधार अनेकांचा असतो. आणि स्वामित्वाने आधार तोडण्याचा अधिकार मिळत नाही.

मग त्या मुलाने आपली इच्छा मारावी काय? तसे मुळीच नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी एक तोड सुचवितो. नट-बोल्ट उघडून काढलेला भाग पुन्हा बसविता येतो. ग्राइंडरने कापलेला बसत नाही. म्हणून मूळ सीट, मूळ मडगार्ड आणि साडीगार्ड तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावीत. मागची सीट अशी बनवावी की ती हवी तेव्हा लावता आणि काढता येईल. वर उल्लेखिलेल्या गोअन क्लासिकमध्येही मागची सीट काढता-घालता येईल अशीच योजना आहे. चाकाला लगटून जाणारे, दिसण्यात लहान पण फेक अडविण्यास पुरेसे मडगार्ड कुशल कारागीर घडवू शकतो. सायलेन्सरचे बाहेरील रूप बदलूनही आवाज मर्यादेत राखता येतो. यात मेहनत अधिक पडते, खर्चही अधिक येतो, आणि चित्रात दिसते तितके नग्न रूप गाडीला मिळत नाही. परंतु जी वजाबाकी परतवता येते तिच्यात चूक सुधारण्यास जागा राहते. दुसऱ्याच्या गरजेविषयी जेथे खात्री नाही तेथे परतवता येईल असेच कमी करावे, हा एक सर्वसाधारण नियम मानता येईल.

त्यागाची परीक्षा

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे या पानांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मोहाने केलेला त्याग तामस, देहाला कष्ट होतील या भयाने केलेला राजस, आणि कर्तव्य करीत असताना आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. या विभागात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे वस्तू सोडली की नाही यावरून त्यागाची प्रत ठरविलेली नाही. काय सोडले आणि का सोडले यावरून ठरविली आहे. कर्तव्यच सोडले तर तो त्याग गणला जात नाही. सोडावयाचे असते ते स्वतःकडे ओढून घेणारे फळ. मडगार्ड म्हणजे इतरांप्रत असलेल्या कर्तव्याची एक लोखंडी आकृती आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. ते सोडून ‘मी किती कमी गोष्टींत राहतो’ हा अभिमान राखला, तर कर्तव्य गेले आणि फळ मात्र हाती राहिले. म्हणजे क्रम नेमका उलटा झाला.

हीच परीक्षा गाडीबाहेरही लावता येते. एखाद्या घरात कर्ता पुरुष उपासाचे व्रत घेतो. त्याच्यासाठी सकाळी साबुदाणा भिजत घालावा लागतो, दाण्यांचे कूट करावे लागते, वरई निराळी शिजवावी लागते, आणि इतरांचा स्वयंपाक तर असतोच. उपास एकाचा, चूल दुसऱ्याची. कोणी जवळ पैसे बाळगावयाचे नाहीत असा नेम करतो आणि त्याचे तिकीट नेहमी बरोबरचा काढतो. कोणी दूरध्वनी सोडून शांती मिळवितो आणि त्याचे निरोप शेजारी पोचवितो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. उलट, त्यांच्या मनात निर्मळ समाधान असते. आणि म्हणूनच त्यांना आपल्या त्यागाचा भार कोण वाहतो हे दिसत नाही. भोग घेणाऱ्याला निदान टोकणारे असतात. त्याग करणाऱ्याला कोणी टोकत नाही, आणि या आदरामुळे त्याची चूक दीर्घकाळ झाकली जाते.

यावरून त्याग नकोच असा निष्कर्ष कोणी काढू नये. अमेरिकेतील त्या पहिल्या स्वारांनी गाडी हलकी केली, ती कारण जाणून आणि चिखल स्वतःच्या तोंडावर घेऊन. त्यांच्या कृतीत जे सौंदर्य होते ते त्या कारणाचे आणि त्या सोसण्याचे होते. नंतरच्या अनुकरणात रूप तेवढे आले. रूप उचलणे सोपे असते. त्यामागील हिशेब पुन्हा आपल्या देशकालात मांडावा लागतो, कारण शर्यतीच्या मैदानावर मागे प्रतिस्पर्धी असतो आणि आपल्या रस्त्यावर मागे शाळेतून घरी जाणारी मुले असतात.

तेव्हा ज्याला जुनी मोटारसायकल हाती घेऊन तिचे रूप पालटावयाचे आहे त्याने पान्हा उचलण्यापूर्वी प्रत्येक भागापाशी थांबून तीन गोष्टी विचाराव्यात. हा भाग कोणासाठी आहे? तो गेल्यावर त्याचे दुःख कोणाच्या वाट्यास येईल? आणि गरज पडल्यास तो परत बसविता येईल काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘माझ्यासाठी’ आणि ‘माझ्याच’ असे येत असेल तर त्याने खुशाल उणे करावे. त्यात साधेपणाचा आनंदही आहे आणि संयमाचे शिक्षणही. उत्तर दुसऱ्याचे नाव सांगत असेल तर त्या दुसऱ्याला आधी विचारावे. तो रस्त्यावरचा अनोळखी असेल आणि विचारणे शक्य नसेल, तर तो भाग जेथे आहे तेथेच ठेवावा. एवढे करून जी गाडी तयार होईल ती कदाचित पूर्ण बॉबर दिसणार नाही. परंतु पावसाळ्याच्या दिवशी तिच्या मागून सायकलीवर येणारा माणूस कोरड्या कपड्यांनी कामावर पोचेल. आणि इंदूरच्या त्या आईला दवाखान्यात जाण्यासाठी रिक्षा शोधावी लागणार नाही.